दरवेशाची सही

‘सूरह अल-अस्र’ आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असते. कुरआन शरीफमधील ही १०३ वी सूरह अवघ्या तीन आयतींची आहे, त्यामुळे लहान मुलांनाही ती लवकर पाठ होते. पहिल्या आयतीत काळाची शपथ आहे. दुसरीत माणूस तोट्यात असल्याचे सांगितले आहे. तिसरीत अपवाद आहे. ईमान राखणारे, नेक कामे करणारे आणि एकमेकांना सत्याची व सब्रची ताकीद देणारे लोक त्या तोट्यातून वाचतात, असा तिचा आशय आहे.

१९६६ साली युगोस्लाव्हियात प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीचा आरंभ याच सूरहच्या आधाराने होतो. दौत, लेखणी, संधिप्रकाश आणि काळ यांना साक्षी ठेवून निवेदक सांगतो की माणूस नेहमी तोट्यातच असतो. इतके सांगून तो थांबतो. अपवादाची तिसरी आयत येत नाही. कादंबरी संपते तेव्हा पुन्हा हेच शब्द येतात आणि पुन्हा अपवाद वगळलेला असतो. सूरह पाठ नसलेल्या वाचकाला काही गाळले आहे हे कळणारही नाही. आम्हाला ते पहिल्याच पानावर खटकले. मग सगळी कादंबरी आम्ही त्या गाळलेल्या आयतीच्या शोधातच वाचली.

कादंबरीचे नाव ‘देरविश इ स्मर्त’, म्हणजे ‘दरवेश आणि मृत्यू’. लेखक मेशा सेलिमोविच. बोग्दान राकिच आणि स्टीफन डिकी यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरातून (१९९६) आम्ही ती वाचली. या शीर्षकापाशी मराठी मुसलमानाने थोडे थांबावे. त्यातील ‘देरविश’ फारसीतून आलेला आहे, तर ‘स्मर्त’ हा आपल्या ‘मृत्यू’चा सगोत्र स्लाव्ह शब्द. दोन कुळांचे शब्द एका शीर्षकात शेजारी बसले आहेत आणि बोस्नियाच्या भाषेला त्याचे काहीच वाटत नाही. तिथे दरवेशांच्या मठाला ‘तेकिया’ म्हणतात. आपल्या गावोगावी फकिरांचा ‘तकिया’ असतो, तोच हा शब्द. ‘वकुफ’, ‘मुतेवेलिया’, ‘कादिया’ हे शब्दही भाषांतरावाचून समजतात. तिथल्या विरहगीतांचे ‘सेवदाह’ हे नाव उर्दू शायरीतल्या ‘सौदा’चे भावंड आहे. हे शब्द बाहेरचे म्हणून काढून टाका, असे कुणी बोस्नियाच्या भाषेला सांगू लागले तर तिच्यापाशी घरगुती बोलायलाच काही उरणार नाही. आपल्या मराठीचेही थोडेफार तसेच आहे.

रकाने आणि माणूस

कादंबरीकडे जाण्यापूर्वी ती ज्या राज्यात लिहिली गेली ते राज्य पाहिले पाहिजे. मार्शल टिटोंच्या युगोस्लाव्हियात एकच पक्ष होता. शरीयत न्यायालये १९४६ साली बंद झाली. १९५० साली बोस्नियात चेहऱ्यावरचा बुरखा कायद्याने बंद झाला. १९५२ साली तेकिया बंद झाल्या, आणि ही बंदी तिथल्या इस्लामी संस्थेच्या उलेमा मंडळाच्या ठरावाने आली. सत्तेला हवे असलेले काम आपल्याच माणसांच्या सहीने झाले, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून ध्यानात ठेवावी.

दुसरा प्रश्न ओळखीचा. १९४८ च्या जनगणनेत बोस्नियाच्या मुसलमानापुढे तीन रकाने होते : सर्ब-मुस्लिम, क्रोएट-मुस्लिम आणि अनिश्चित-मुस्लिम. सुमारे ७२ हजारांनी पहिला आणि सुमारे २५ हजारांनी दुसरा रकाना निवडला. सुमारे ७ लाख ८८ हजार लोकांनी ‘अनिश्चित’ लिहून घेतले. आपण कोण हे या माणसांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना ठाऊक असलेले उत्तर छापील कागदावर नव्हते, इतकेच. १९५३ साली त्यांच्यासाठी ‘युगोस्लाव, अनिश्चित’ असा रकाना आला. १९६१ साली ‘वांशिक अर्थाने मुस्लिम’ असा शब्दप्रयोग आला. १९६८ साली बोस्नियाच्या पक्षाने मुसलमान हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे मान्य केले आणि १९७१ च्या जनगणनेत ते उतरले. आता मोठ्या ‘एम’ने लिहिलेला मुस्लिम म्हणजे राष्ट्र आणि लहान ‘एम’ने लिहिलेला मुस्लिम म्हणजे धर्म मानणारा. नमाज न पढणारा, खुदा न मानणारा कम्युनिस्टही मोठ्या ‘एम’चा मुस्लिम होऊ शकत होता. १९८१ साली साऱ्या युगोस्लाव्हियात असे सुमारे २० लाख लोक होते, म्हणजे ८.९ टक्के.

त्यांच्यापैकी एक मेहमेद ऊर्फ मेशा सेलिमोविच. जन्म १९१० साली तुझला या गावी. बेलग्रेडला शिक्षण, मग गावातल्या शाळेत शिक्षकाची नोकरी. दुसऱ्या महायुद्धात हे घराणे फॅसिस्टांविरुद्ध टिटोंच्या पार्टिझन सेनेबरोबर होते. १९४४ च्या अखेरीस त्याच सेनेने मेशांचा भाऊ शेफकिया याला गोळ्या घातल्या. सरकारी गोदामातून घरासाठी पलंग, कपाट असे किरकोळ सामान घेतले, हा त्याचा गुन्हा. त्याचे स्वतःचे घर युद्धात लुटले गेले होते आणि छावणीतून सुटलेली बायको परत येणार होती. नामांकित पार्टिझन घराण्यातला माणूस म्हणून शिक्षा अधिकच कडक झाली, लोकांना धडा मिळावा म्हणून. मेशा पक्षातच राहिले. या घटनेतून ही कादंबरी व्हायला २२ वर्षे लागली.

तकियातील माणूस

कादंबरीचा काळ अठराव्या शतकातला, उस्मानी अमलातला. शेख अहमद नुरुद्दीन हा मौलवी पंथाचा चाळिशीतला दरवेश. ‘नुरुद्दीन’ म्हणजे दीनचा प्रकाश, आणि या नावावर त्याचा स्वतःचाच फार विश्वास आहे. गावात त्याला मान आहे. आपण सत्याच्या बाजूला आहोत आणि सत्ताही सत्याच्याच बाजूला आहे, अशी त्याची समजूत आहे. एके दिवशी त्याचा भाऊ हारून पकडला जातो. हारून काझीच्या कचेरीत कारकून. एका आरोपीचा जबाब, त्या आरोपीची चौकशी होण्याआधीच लिहून तयार असलेला, त्याच्या हाती लागतो. हे पाहिले, हाच त्याचा गुन्हा.

सेलिमोविच यांची पहिली पकड इथे दिसते. भाऊ पकडला गेल्याबरोबर नुरुद्दीनच्या मनात संताप उठत नाही, आधी संकोच येतो. लोक काय म्हणतील, आपल्या जागेचे काय होईल, या विचारात तो अडकतो. भाऊ निर्दोष असावा असे त्याला वाटते, पण त्याहून अधिक वाटते ते असे की भावाने निदान काहीतरी केलेले असावे. भाऊ निर्दोष निघाला तर ज्या व्यवस्थेवर आपले सारे आयुष्य उभे आहे तीच खोटी ठरेल. मनाची ही चलबिचल आम्ही इतक्या बारकाईने क्वचितच वाचली आहे. वस्तीत कुणाचा मुलगा पकडला गेला की शेजारीपाजारी प्रथम आवाज खाली आणतात, ‘काहीतरी असेलच’ म्हणतात आणि त्या घराकडे जाण्याचा रस्ता बदलतात. त्यांना आपण दुष्ट म्हणत नाही. नुरुद्दीन त्यांच्यातलाच एक आहे.

मग तो दारोदार फिरतो. मुसेल्लिमकडे जातो, मुफ्तीकडे जातो. कुणी धमकावतो, कुणी कंटाळतो. तो न्याय मागत नाही, मेहेरबानी मागतो. अखेर कळते की हारून केव्हाच मारला गेला आहे आणि आपण मेलेल्या माणसासाठी अर्ज घेऊन फिरत होतो. त्या दिवशी तो मशिदीत लोकांपुढे भावाबद्दल बोलतो. साऱ्या कादंबरीत तो खऱ्या अर्थाने बोलतो तो इथेच. त्याबद्दल त्याला मार बसतो, तुरुंगही घडतो. सुटून आल्यावर त्याच्या मनात दुःखाच्या जागी द्वेष बसतो, आणि हा द्वेष मोठा हुशार आहे. तकियातला सुलेखनकार मुल्ला युसूफ यानेच हारूनला पकडून दिले हे कळल्यावरही नुरुद्दीन त्याला हाकलत नाही, हाताशी ठेवतो. बाजारातला प्रतिष्ठित सोनार हाजी सिनानुद्दीन पकडला जातो तेव्हा तो बाजार पेटवतो. जमाव काझीला ठार करतो आणि काझीची गादी नुरुद्दीनला मिळते.

पीडित माणूस आता खुर्चीवर आहे. थोड्याच दिवसांत एक हुकूम सहीसाठी येतो. त्यावर नाव असते हसनचे. हसन इस्तंबूलला शिकलेला, बड्या बापाचा मुलगा. सगळे सोडून गुरे हाकण्याचा धंदा करणारा, दिलदार आणि मोकळा. नुरुद्दीनच्या पडत्या काळात त्याच्याबरोबर राहिलेला एकमेव दोस्त. दुब्रोव्निकच्या एका मित्रामुळे त्याच्यावर वहीम आला आहे. नुरुद्दीन अडखळतो, तळमळतो आणि सही करतो. पुढे मुल्ला युसूफ त्याच्याच नावाचा दुसरा कागद करून हसनला सोडवतो आणि तो गुन्हा नुरुद्दीनच्या माथी येतो. मृत्यूची वाट पाहत तो ही हकीकत लिहून काढतो. शेवटची काही वाक्ये हसनच्या हातची आहेत. दगा झाला तो हसनला, आणि तोच अखेरीस दोस्ताच्या दुःखाचा विचार करतो.

आमच्या मते या कादंबरीचा गाभा ती सही आहे. हुकूमशाही राज्य अल्पसंख्याकाला मारते हे सर्वांना दिसते. ते त्याला सही करायला लावते, हे कमी जणांना दिसते. पकडणाऱ्यांत आणि पकडल्या जाणाऱ्यांत एकच माणूस दोनदा येऊ शकतो. सोसलेला अन्याय माणसाला आपोआप नेक बनवत नाही. हे वाक्य कडू आहे, पण सेलिमोविच यांनी ते स्वतःच्या भावाच्या रक्ताची किंमत देऊन लिहिले आहे. गोळ्या घालणारी सेनाही त्यांची होती आणि पडलेला भाऊही त्यांचाच होता.

तीन आक्षेप

या कादंबरीवर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की हे सारे रूपक आहे : दरवेश म्हणजे कम्युनिस्ट, तकिया म्हणजे पक्ष, उस्मानी अंमल म्हणजे टिटोंचा अंमल. तसे वाचता येते आणि अनेकांनी वाचलेही आहे. पण इस्लाम हा इथे नुसता अंगरखा मानला तर फार मोठे काही हातचे जाते. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर कुरआनचा आधार आहे. नुरुद्दीनची भाषा, त्याची लाज, त्याची तौबा हे सर्व दीनच्या परिभाषेत घडते. तेकियांना टाळे लागून १४ वर्षे झाली असताना लेखकाने साहित्यात एक तेकिया उघडली. हे निव्वळ रूपकाचे काम नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्याकडूनच येईल : मुसलमान लेखकाने काझी भ्रष्ट, मुफ्ती बेफिकीर आणि दरवेश दुबळा का दाखवावा? याने समाजाची बदनामी होत नाही काय? आमचे उत्तर असे की हसनही मुसलमानच आहे, आणि तकियातला वृद्ध विद्वान हाफिज मुहम्मदही. लेखकाने दीनवर खटला भरलेला नाही. दीनच्या नावाने मिळालेल्या गादीवर भरला आहे.

तिसरा आक्षेप मात्र आम्हाला मान्य आहे. या कादंबरीत बायकांना फार कमी जागा आहे. काझीची बायको, हसनची बहीण, सुरुवातीला प्रभावीपणे येते आणि तिच्या सौंदर्याच्या वर्णनातच बरीचशी हरवते. हारूनच्या आईबापांपैकी बाप मुलासाठी शहरात येतो, आईचे दुःख कुठे उमटतच नाही. शिवाय नुरुद्दीनचे स्वगत काही ठिकाणी इतके लांबते की वाचक थकतो. १९७० साली आलेल्या ‘त्व्रजावा’ म्हणजे ‘किल्ला’ या पुढच्या कादंबरीत ही उणीव काहीशी भरून निघते. तिथे अहमद शाबो या गरीब शिपायाची ख्रिस्ती बायको तियाना त्याला खऱ्या अर्थाने तोलून धरते.

लेखकाचे उत्तर

आता सर्वांत अवघड जागा. १९७६ साली सेलिमोविच यांनी सर्बियन अकादमीला पत्र लिहिले. आपण बोस्नियाच्या मुस्लिम घराण्यातले असलो तरी राष्ट्रीयत्वाने सर्ब आहोत आणि आपले साहित्य सर्बियन साहित्याचे आहे, असा त्याचा आशय. त्यापूर्वीच साराजेव्होच्या वर्तुळाशी बिनसून ते बेलग्रेडला राहायला गेले होते. मुसलमानांना स्वतंत्र राष्ट्र म्हणून रकाना मिळाला होता आणि त्यांचा सर्वांत मोठा कादंबरीकार नेमका त्याच वेळी दुसरा रकाना भरत होता. १९८२ साली बेलग्रेडमध्येच त्यांचे निधन झाले.

यावरून त्यांना गद्दार म्हणणारे निघाले आणि डोक्यावर घेणारेही निघाले. आम्हाला दोन्ही घाईचे वाटते. त्यांना एका मोठ्या भाषेच्या परंपरेत बसायचे होते आणि तो त्यांचा हक्क होता. पण आपण कोण हे अकादमीला पत्र लिहून ठरवावे लागणे, यातच त्या राज्याचा सारा स्वभाव दिसतो. असे पत्र म्हणजे शेवटी आणखी एक सहीच. कादंबरी मात्र त्या पत्राचे ऐकत नाही. तिच्यातले शब्द, तिच्या सूरह, तिचा बाजार, तिचा तकिया हे सगळे बोस्नियाच्या मुसलमानांच्या घरातून आलेले आहे आणि तरीही ते त्या भाषेच्या सर्व वाचकांचे आहे. लेखकाच्या जाहीर निवेदनापेक्षा त्याची कृती अधिक विश्वासार्ह मानावी, हा समीक्षेचा जुना नियम इथे उपयोगी पडतो.

इतिहासाने पुढे काय केले ते ठाऊकच आहे. १९८३ साली साराजेव्होत अलिया इझेतबेगोविच यांच्यासह १३ मुस्लिम विचारवंतांवर खटला चालला. १९९२ च्या ऑगस्टमध्ये साराजेव्होचे राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्यात जळाले. १९९५ च्या जुलैत स्रेब्रेनित्सा येथे ८ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष व मुलगे मारले गेले आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी त्याला वंशसंहार म्हटले. मारणाऱ्यांनी कोणता रकाना भरला होता हे विचारले नाही, नावे पाहिली. युद्धानंतर १९९८ साली नव्या नोटा निघाल्या तेव्हा देशाच्या दोन विभागांसाठी नोटांवर वेगवेगळ्या लेखकांची चित्रे छापली गेली. ५ मार्कांच्या नोटेवर मात्र दोन्हीकडे सेलिमोविचच होते. ती नोट पुढे चलनातून गेली, कादंबरी राहिली.

आपल्या साहित्यातील नुरुद्दीन

हे सगळे मराठी मुसलमानांच्या वार्षिकात कशासाठी, असे कुणी विचारील. आपला देश म्हणजे टिटोंचा युगोस्लाव्हिया नव्हे, येथे संविधान आहे आणि न्यायालये आहेत. पण चौकशीआधी तयार असलेल्या जबाबाची गोष्ट वाचताना आपल्याला मालेगाव आठवते. तिथल्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम आरोपींना विशेष न्यायालयाने २०१६ साली दोषमुक्त केले, तोवर दहा वर्षे गेली होती. आणि ‘तुम्ही आधी कोण?’ हा प्रश्न तर आपल्यालाही नवा नाही.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून ‘मुस्लिम’ आणि ‘मराठी’ हे दोन शब्द शेजारी कसे बसवावेत याचा वाद आपण घालत आलो. तो वाद आवश्यक होता. त्यातून आपल्याला आवाज मिळाला. आपल्या कथा-कवितांत हारून आला : दंगलीत जळालेला, पकडला गेलेला, घर भाड्याने न मिळालेला. तो यायलाच हवा होता आणि यापुढेही येईल. आमचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या साहित्यात अहमद नुरुद्दीन कुठे आहे? वक्फची जमीन कुणाच्या सहीने गेली, हे सांगणारा मुतवल्ली कथेचा नायक का होत नाही? शेजाऱ्याचा मुलगा पकडला गेला त्या रात्री दिवा मालवून बसलेला इज्जतदार माणूस आपल्या कवितेत का येत नाही? हमीद दलवाईंनी १९६५ साली ‘इंधन’मध्ये कोकणातल्या आपल्या परिचयाच्या गावाला आरशासमोर उभे केले होते. त्यांच्या मतांशी कुणाचे कितीही मतभेद असोत, तो आरसा पुढे फार थोड्यांनी हातात धरला.

दुसऱ्याकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दर जूनमध्ये दाखल्याच्या अर्जावर मातृभाषेचा रकाना असतो. समोरच्या मुलाच्या घरी दखनी बोलतात, कुणाच्या घरी कोकणी, कुणाची आई मराठीतच रागावते. आम्ही न विचारता ‘उर्दू’ लिहितो आणि खाली सही करतो. उर्दू आम्हाला प्राणप्रिय आहे. तिच्यावर प्रेम म्हणूनच आपण असे लिहितो, अशी समजूत आम्ही वर्षानुवर्षे घालून घेतली. ही कादंबरी वाचल्यावर ती समजूत टिकली नाही. कुणी सक्ती केली नव्हती, कुणी धमकावले नव्हते. तरी एका मुलाच्या आईची जबान आम्ही एका सहीने पुसली. छोटीच गोष्ट आहे. नुरुद्दीनचाही आरंभ छोट्याच गोष्टींनी झाला होता.

म्हणून त्या गाळलेल्या आयतीकडे परत यायचे. एकमेकांना सत्याची ताकीद देणारे लोक तोट्यातून वाचतात, हा अपवाद नुरुद्दीन विसरला, की आपला हक्क नाही म्हणून त्याने तो लिहिला नाही, हे कादंबरी सांगत नाही. आम्हाला दुसरे खरे वाटते. ज्याने दोस्ताच्या अटकेवर सही केली त्याच्या हातून ती आयत उतरेना. लेखकाने तिची जागा मोकळी ठेवली, आणि ज्याला सूरह पाठ आहे अशा वाचकाने ती मनात पुरी करावी, एवढे त्याच्यावर सोडले. बेलग्रेडच्या वा लंडनच्या समीक्षकापेक्षा मालेगाव, भिवंडी, सोलापूर, रत्नागिरीच्या वाचकाला ही जागा लवकर दिसेल. ती दिसली की मग आपले घर, आपली मशीद, आपली शाळा यांविषयी खरे लिहिण्याचे काम उरते. सत्ता रकाने छापीत राहील, कोण कुठले हे विचारीत राहील. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी निदान आपण आपापसात खरे बोललो, इतके आपल्या पुढच्या पिढीला आपल्या लेखनातून दिसले पाहिजे.